खालच्या शेताविषयी

९ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग घालायला आता गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार घे. फोन तू उचलत नाहीस. नंबर बदललास की माझा नंबर बघून तोंड फिरवतोस, हे कळायला मार्ग नाही, म्हणून हे पत्र. पत्ता वहिनीच्या मावसबहिणीकडून काढला. तिला ओरडू नकोस, मी तिच्या मानगुटीवरच बसले होते.

आठ वर्षं झाली. बाबा गेले आणि तू तिसऱ्या दिवशी पोचलास, तेव्हा मी भरल्या घरात सगळ्यांदेखत तुला विचारलं, "जमिनीसाठी आलास का?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मला घरात मिरची उगाच म्हणत नव्हते. तू वाटणीच्या कागदावर सही केलीस, घर आणि वरचं शेत माझ्या नावावर, खालचं शेत तुझ्या नावावर, आणि पाणीसुद्धा न पिता निघालास. त्याबद्दल या पत्रात लिहिणार नाही. लिहायला बसले की माझंच कसं बरोबर होतं ते पटवत सुटते. त्यापायी दोन पत्रं फाडली आहेत.

मी काय करते ते सांगते. बियाण्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आमचं केंद्र चालतं. शेती करायची हौस आहे पण हातभर जमीन नाही, अशा नवख्यांना आम्ही जमीन शोधून देतो. जमीन आहे पण कसायला घरात कुणी नाही, अशा मालकांना माणूस शोधून देतो. स्थळं जुळवण्यातलाच प्रकार. शिवाय प्रत्येक नवख्यामागे एक मुरलेला शेतकरी लावतो, त्याने तीन वर्षं हाताला धरून शिकवायचं. कुणाचा ट्रॅक्टर रिकामा आहे, कुणाकडे जादा बियाणं आहे, तेही आम्हीच जमवतो. साहेब म्हणजे एक निवृत्त शेती अधिकारी, ते नावाला प्रमुख. करारनामे सगळे माझ्याकडे. भिंतीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, "कागदाआधी कुदळ नाही." तोंडी शब्दावर जमीन कसली आणि पीक उभं राहिल्यावर हाकलले गेले, अशी माणसं मी खूप पाहिली आहेत.

शिकवणाऱ्यांत एक थांबकाका आहेत. सत्तरी ओलांडलीय. कुणी काही विचारलं की आधी म्हणतात, "थांब." पेरू का? थांब. तोडू का? थांब. पहिलं वर्षभर ते नवख्याला काही लावूच देत नाहीत. पाणी कुठे साचतं, वारा कुठून लागतो, कुठलं तण कुठे उगवतं, ते नुसतं बघायला लावतात. निम्मे नवखे तिथेच पळतात.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. वीस वर्षं कपडे शिवतेय, डोळे आता सुईला साथ देत नाहीत. नवरा माल पोचवायची व्हॅन चालवतो. दोन वर्षं ती आमच्याकडे येतेय आणि दोन वर्षं मी तिला नाही म्हणतेय. तीन मालक दाखवले. एक म्हणाला बाईमाणसाला नको, दुसऱ्याने आदल्या दिवशी शब्द फिरवला, तिसऱ्याची जमीन म्हणजे निव्वळ खडक. या वेळी ती टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, वय संपल्यावर देणार का?" गळ्यात टेप तशीच लटकत होती, दुकानातून धावत आली होती. माझं वरचं शेत रिकामं असतं तर देऊन मोकळी झाले असते, पण ते मागच्याच वर्षी दोन भावांना सात वर्षांच्या पक्क्या करारावर देऊन बसलेय.

परवा खालच्या शेताकडे गेले होते. काटेरी झुडपांनी बांध दिसत नाही. आठ वर्षं पडीक म्हणजे काय होणार. जमीन तशी वाईट नाही, तुला माहीतच आहे. म्हटलं, तुला सांगावं.

वहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? जिने चढायला लावू नकोस तिला.

तुझी,
मिरची


२ मार्च

दादा,

मागच्या पत्राला वर्ष झालं, उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असणार. तू रागावला असतास तर चार शिव्या तरी लिहिल्या असत्यास. तेव्हा गप्प आहेस म्हणजे तुझी काही हरकत नाही, असं मी धरून चाललेय.

खालच्या शेतातली झुडपं काढून घेतली आहेत. काळजी करू नकोस, तुला कसलाही भुर्दंड नाही. कपडे शिवणारी बाई म्हणून मी लिहिलं होतं ना, आमची टेलरबाई, तीच येते. रविवारी नवराही येतो. झुडपं काढताना त्याचे दोन शर्ट फाटले, तिने तिथेच बांधावर बसून शिवले. थांबकाका तिच्यामागे लावलेत. काकांनी तिला वर्षभर एक बी टाकू दिलं नाही. नुसतं हिरवळीचं खत, म्हणजे ताग उगवायचा आणि फुलायच्या आत मातीतच गाडायचा. मला वाटलं होतं पळेल. पळाली नाही. दुकान सुटलं की संध्याकाळी येऊन बसायची, वहीत लिहायची. पाणी कुठे साचतं ते तिने गळ्यातल्या टेपने मोजलं. काका म्हणाले, "बाई, शेत आहे, झंपर नाही." तर म्हणाली, "काका, माप चुकलं की झंपर उसवता येतो. हे कुठे उसवणार?" त्या दिवसापासून काका तिच्यावर खूश आहेत. म्हणजे थांब जरा हळू म्हणतात.

पूर्वेच्या कोपऱ्यात पाणी साचतं हे तिने शोधलं. तुझे कांदे त्याच कोपऱ्यात सडले होते. तू तेवीस वर्षांचा होतास. बाबांनी एका हंगामात शेत तुझ्या हातातून काढून घेतलं आणि जेवताना म्हणाले, "याच्या हाताला मातीच नाही." मी हसले होते. मी एकोणीसची होते, मला काय अक्कल, पण हसले होते हे खरं. हाताचा काही संबंध नव्हता दादा. खाली दोन वितीवर कडक थर आहे, पाणी मुरतच नाही. थांबकाकांनी पहार मारून दाखवला. बाबांना तो कधी कळला नाही आणि तुला सांगायला कुणी नव्हतं. आम्ही नवख्यांना जे देतो ते तुला कुणी दिलं नाही.

असो. टेलरबाई तिथे जरा हात फिरवतेय, एवढंच सांगायचं होतं.

मिरची


२० सप्टेंबर

दादा,

दीड वर्षात तुला लिहिलं नाही. कामच इतकं होतं. खोटं बोलते. काम नेहमीच असतं.

खालचं शेत तू ओळखणार नाहीस. मातीत हात घातला तर मनगटापर्यंत जातो. घेवडा, टोमॅटो, पालक, भोपळे, आणि पश्चिमेच्या बांधाला अंजिराची चौदा झाडं. तिने सगळे वाफे टेपने आखलेत, एकाच मापाचे. भाजी घ्यायला माणसं आठवड्यातून दोनदा थेट बांधावर येतात. शिवणकाम तिने गेल्या महिन्यात सोडलं. दुकानमालकाने विचारलं, परत येशील ना, तर म्हणाली, "सुईत दोरा ओवून देणारा मिळाला तर." नवऱ्यानेही व्हॅनच्या फेऱ्या कमी केल्यात. अंजिरं यंदा पहिल्यांदा धरली आहेत, हिरवी आणि टणक, अजून महिना लागेल. रोज मोजते. मी म्हटलं, मोजू नये, दृष्ट लागते, तर म्हणाली, "ताई, मी माझ्या पोटचं इतकं मोजलं असतं, पण ते झालं नाही." मग आम्ही दोघी बराच वेळ भोपळ्यांबद्दल बोललो.

साहेब आता येईल त्या नवख्याला तिचं शेत दाखवायला नेतात. "कसं जमवलंत?" असं लोक मला विचारतात. मी म्हणते, घरचीच जमीन होती. लोक म्हणतात, असे मालक मिळायला भाग्य लागतं. तुझं कौतुक होतं दादा, तुला न विचारता.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

मंगळवारी एक माणूस बांधावर उभा राहून फोटो काढत होता. पांढरी गाडी, पायात स्वच्छ बूट. टेलरबाईने त्याला टोमॅटो दिले. तिला वाटलं नवीन गिऱ्हाईक. मी विचारलं तर हसून म्हणाला, "मालकांनी पाठवलंय, जागा बघायला." कुठले मालक, असं मी विचारलंच नाही.

दादा, तो कोण होता? तू पाठवलं होतंस का? एका ओळीत कळव. फोनवरही कळवलंस तरी चालेल, मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकेन.

मिरची


४ ऑक्टोबर

दादा,

तो दलाल काल केंद्रातच आला. खालचं शेत विकायला काढलंय, गिऱ्हाईक ठरलंय, महिनाअखेर सह्या. त्याला वाटलं मला माहीत आहे. म्हणाला, "नशीब काढलं तुमच्या भावाने. नुसतं रान असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. आता कशी जिवंत जमीन दिसते." टेलरबाईने तीन वर्षं राबून ती जमीन विकाऊ केली. तिने काही केलं नसतं तर कुणी घेतली नसती.

आता सगळं सांगते. आडपडदा ठेवत नाही.

टेलरबाईला मी सांगितलं की भावाशी बोलणं झालंय, तो आनंदाने तयार आहे. तिने विचारलं, "ते भेटतील का एकदा? पाया पडायचं होतं." मी म्हटलं, तो फार लांब असतो, कामाचा माणूस आहे. मग ती म्हणाली, "कागद?" भिंतीवर मीच लिहिलेलं तिच्या डोक्यावर होतं. मी कागद केला दादा. दहा वर्षांचा. मालकाच्या सहीच्या जागी "मालकाच्या वतीने" असं लिहून मीच सही ठोकली. साहेबांनी न बघता शिक्का मारला, कारण माझे कागद कुणी बघत नाही. आजवर साठच्या वर करार केले. प्रत्येक मालकाच्या घरी जाऊन, समोर बसवून, ओळ न् ओळ वाचून दाखवली. एकाच करारात मालक नव्हता आणि तो माझा भाऊ होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा विचारायलाच बसले होते. वाचून बघ, पत्र ठेवलं असशील तर. जमिनीपर्यंत येते, तुझं शेत पडीक आहे असं लिहिते, आणि मग वहिनीच्या गुडघ्यावर जाते. मग वर्षभर मनाला समजावलं की दादाने उत्तर दिलं नाही म्हणजे त्याची ना नाही. पण मी प्रश्न कुठे विचारला होता तू उत्तर द्यायला?

तिची काही चूक नाही. तिने दोन वर्षं वाट बघितली, तीन वर्षं राबली, काका म्हणाले थांब तर थांबली, मी म्हणाले चल तर चालली. दुकान सोडून बसलीय, डोळे परत त्या कामाचे राहिले नाहीत. शिक्षा मला कर. हवं तर घर घे. घर माझ्या नावावर आहे, उद्या सही करते, मी केंद्राच्या मागच्या खोलीत राहीन. पण शेत विकू नकोस. नाहीतर निदान विकताना तिला तिथे राहू देण्याची अट घाल. तुझ्या एका शब्दाने होईल. माझ्या साठ करारांनी होत नाही ते तुझ्या एका शब्दाने होईल.

दादा, मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. उलट तू मागायच्या आतच तुला चोर ठरवलं. तरी मागतेय.

मिरची


१३ ऑक्टोबर

दादा,

मागचं पत्र पोचलं असणार, मी ते हातात देऊन सही घेणाऱ्या टपालाने पाठवलं होतं. सही वहिनीची आहे.

वकिलाकडे गेले. त्याने माझा कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बाई, सही तुमची, जमीन त्यांची. याला करार म्हणत नाहीत, शुभेच्छापत्र म्हणतात." मला हसू आलं. बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा रडले.

नवा मालक कोण ते शोधून काढलं. त्याला तिथे गोदाम बांधायचंय. मी त्याच्या कार्यालयात जाऊन बसले, पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी त्याने चहा पाजला आणि नम्रपणे म्हणाला, "माती तुम्हाला हवी तर घेऊन जा, मला सपाटी हवी." त्याला ते औदार्य वाटलं. साहेबांनी गावभर फोन केले. कुठे तुकडा मिळतोय का, निदान अंजिरं हलवण्यापुरता. एक खडकाळ, एक पाण्याविना, एक फक्त सहा महिन्यांसाठी. थांबकाका म्हणाले, फळाला आलेली झाडं हलवली तर जगतील न जगतील. मी म्हटलं, काका, काहीतरी सांगा ना. थांबसुद्धा म्हणाले नाहीत.

काल टेलरबाईला सांगितलं. म्हणजे नवराबायको दोघांना, वाफ्यांच्या मधे उभं राहून. वाटेत मी काय काय जुळवलं होतं, कायदा, दलाल, भावाची अडचण. तिथे पोचल्यावर एवढंच निघालं, "माझ्या भावाला मी कधी विचारलंच नव्हतं."

तो म्हणाला, "म्हणजे कागद?"

"सही माझी आहे."

तो माझ्या अंगावर येईल असं वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. तो वाफ्याच्या कडेला बसला आणि बायकोकडे बघत राहिला. तिने विचारलं, "किती दिवस आहेत?" मी म्हटलं, सतरा. ती म्हणाली, "अंजिरांना वीस लागतील." आणि पाणी सोडायला गेली. पाण्याची पाळी होती त्या दिवशी.

काल सतरा दिवस होते दादा. आज सोळा. तू फक्त फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, दलालाशी बोल.

मिरची


१९ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सह्या होऊन नऊ दिवस झाल्यावर मिळालं. सहा ओळी, तुझं अक्षर अजून तसंच किरटं. मी ते इतक्यांदा वाचलंय की इथे न बघता उतरवते.

"व्यवहार पुरा झाला आहे. तू लिहिलंस, ती जरा हात फिरवतेय, आणि दलालाने सांगितलं की अख्खं शेतच तू तिला दिलं आहेस. मला वाटलं, तू हेही बळकावलंस. तुझं पहिलं पत्र मी तीनदा वाचलं होतं, काहीतरी मागशील असं वाटलं, मागितलं नाहीस. मागितलं असतंस तर दिली असती. मला एका हंगामात उठवलं होतं, मी तिला उठवलं नसतं."

आधी मला राग आला. मी मिरचीच आहे. तीनदा वाचलंस तर एकदा तरी लिहायचं होतंस, काय हवंय गं तुला म्हणून. सगळं कबूल केलेलं माझं पत्र तुझ्या हातात तीन आठवडे होतं, तेव्हा काय झालं? की इसाराचे पैसे घेऊन अडकला होतास? की वहिनीने ते तुला उशिरा दिलं? की खरंच दिली असतीस हे आता म्हणायला सोपं आहे? मला यातलं काहीच कळणार नाही. मग राग गेला आणि "मागितलं असतंस तर दिली असती" ही ओळ तेवढी राहिली.

शेत सपाट केलं. मी बघायला गेले नाही, थांबकाका गेले होते. अंजिरं तीन दिवसांनी हुकली. चार झाडं तिने मुळांच्या गड्ड्यांसकट गोणपाटात बांधून घराच्या मागे नेऊन ठेवली आहेत, पानं गळली, पुढचं कुणी सांगू शकत नाही. दुकानात तिला परत घेतलं, पण शिवायला नाही, कापडाच्या घड्या घालायला. नवऱ्याने फेऱ्या वाढवल्या. मी राजीनामा दिला होता, साहेबांनी तो टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाले, यादीत तेवीस जण आहेत, त्यांचं कोण बघणार. पण करार आता तेच करतात. मी फक्त अर्ज भरून घेते.

काल सकाळी अकराच्या सुमारास टेलरबाई आली. मला वाटलं, आता तरी बोलेल, चार लोकांत माझी लाज काढेल. मी उठून उभी राहिले. ती रांगेत तिसरी होती, तशीच थांबली. नंबर आल्यावर समोर बसली आणि म्हणाली, "नवीन अर्ज भरायचाय."

मी अर्ज काढला. तिला सगळे प्रश्न तोंडपाठ आहेत, तरी मला विचारावे लागले, नियमच आहे. शेतीचा अनुभव? "तीन वर्षं." आधीची जमीन का सुटली? तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "लिहा, मालकाला माहीत नव्हतं." मी लिहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं. मार्गदर्शक कोण हवा? "काकाच." काही विशेष अट? "आहे. मालकाला आधी मी भेटणार. मधे कुणी नको."

मला राहवलं नाही. पर्समधून तुझं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. का ठेवलं ते माहीत नाही. तिने ते डोळ्यांपासून हातभर लांब धरून सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर पालथं ठेवलं.

"म्हणजे दिली असती त्यांनी."

"असं म्हणतोय."

"बाकी सगळ्यांना तुम्ही विचारलंत ना, ताई? एवढ्या जमिनी मिळवून दिल्यात लोकांना. दारोदार जाऊन, विचारूनच ना?"

"हो. सगळ्यांना."

"मग यांनाच का नाही?"

आवाजात राग असता तर मी काहीतरी बोलले असते. तिला खरंच कळत नव्हतं. मागे रांग होती, माणसं ऐकत होती, आणि मी तिच्या अर्जाची पावती फाडत बसले. ती वाट बघून उठली, अर्जाची पावती घेतली आणि घड्या घालायला दुकानात गेली. तिच्या नावापुढे लावायला आज यादीत एकही जमीन नाही. असती तरी तो मालक तिला काय म्हणेल कुणास ठाऊक.

तिला जे सांगता आलं नाही ते तुला सांगते. बाकीचे मालक नाही म्हणायचे तेव्हा मी चपला घालून पुढच्या दारी जायचे. नाही ऐकायची मला सवय आहे, दिवसातून चार वेळा ऐकते. तू नाही म्हणाला असतास, तर मी दुसरा दादा कुठून आणला असता?

मिरची